हळदीची अक्षरं

शनिवारी दुपारी अपेक्षाने आबांच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवायला घेतली, ती त्यांचाच त्रास कमी व्हावा म्हणून. चार महिने पडद्याच्या कोपऱ्यात 'अपडेट करा' म्हणणारी एक चौकट रोज उगवत होती आणि आबांच्या हातून ती रोज भलतीकडेच दाबली जात होती. अपेक्षा शाळेतून घरी आली की आधी ते सोडवायचं, मग चहा. शेवटी तिने मोबाईलचं नेट जोडलं, हो म्हटलं आणि लॅपटॉप ओटीवर ठेवून वालाच्या शेंगा सोलत बसली. साडेचारला काम संपलं. तिने झाकण मिटलं, पडदा बघितला नाही.

आबा म्हणजे तिचे सासरे, रामजी गुरुजी. छत्तीस वर्षं पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत शिकवून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या नजरेचा मधला भाग विरत गेला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं, आणि थोडं बाजूला बघितलं की ते कडेकडेने दिसायचं. त्यामुळे बोलताना ते समोरच्याच्या कानापलीकडे बघत. नव्या माणसाला वाटे, मागे कोणीतरी उभं आहे.

सावित्री नदीच्या काठावर, हमरस्त्यापासून जरा आत त्यांची वाडी. घरात तिघंच होती. आबा, त्यांची थोरली बहीण रंगूबाई, आणि अपेक्षा. अपेक्षाचा नवरा सुशांत मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. गेला की सात-आठ महिने समुद्रावर. अपेक्षा पोलादपूरच्या एका हायस्कूलमध्ये मुलांना संगणक शिकवत होती.

मागच्या खेपेला सुशांत घरी आला तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप आबांना दिला. त्यावर लिनक्स होतं. आबांना पांढऱ्यावरची काळी अक्षरं लागत नव्हती, म्हणून त्याने त्यांच्यापुरती एक थीम तयार केली. थीम म्हणजे पडद्याचा पेहराव. पार्श्वभूमी कोणती, अक्षरं कोणत्या रंगाची, बटणं केवढी, हे सगळं तिथे ठरतं. गडद पार्श्वभूमी, त्यावर पिवळी जाड अक्षरं. थीमचं नाव त्याने ठेवलं 'हळद'.

त्या पिवळ्या अक्षरांत आबा शेतांची नावं लिहीत होते. रस्ता रुंद झाला तेव्हा काठावरची बरीच शेतं गेली. उरली त्यांना आता गट नंबर आहेत. पण आंबेदळी, सातविणीचं, म्हातारीचा दंड, रेड्याची उडी ही नावं ज्यांच्या तोंडी होती ती माणसं एकेक करून जात होती. आबांनी तीनशेच्या वर नावं जमवली होती. प्रत्येक नावाखाली ते दोन-तीन ओळी लिहीत. शेत कुठे होतं, पाणी कुठून यायचं, कोणतं भात तिथे चांगलं होई. रोज सकाळी नऊ ते अकरा. निवृत्तीनंतर त्यांना एवढी एकच वेळ उरली होती, ज्या वेळेला घरातलं कोणी हाक मारत नसे.

रविवारी सकाळी ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. बाहेर नदीवरून धुकं वर आलं होतं, आणि समोरचे डोंगर कोणीतरी अर्धवट खोडून ठेवल्यासारखे दिसत होते.

"अपेक्षा," त्यांनी हाक मारली. "पडद्यावर पण धुकं आलंय."

तिने येऊन बघितलं. हळद गेली होती. सगळीकडे फिकट पांढरा, धुतलेल्या करड्याकडे झुकणारा रंग, त्यावर बारीक काळी अक्षरं. बटणांच्या कडाही गायब झाल्या होत्या.

"माझ्यामुळे झालं आबा. काल अपडेट केलं ना. करते नीट, तासाभराचं काम असेल."

"कर सावकाश. मी बसतो इथेच."

ती फोन आणायला आत गेली. परत आली तेव्हा आबा त्या कोऱ्या पडद्याकडे तिरकी मान करून बघत होते. त्यांचा उजवा हात वर आला आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर हलकेच उजवीकडून डावीकडे गेला, वाटेतल्या कोणाला तरी धक्का न लावता वाट करून द्यावी तसा. मग त्यांना तिची चाहूल लागली आणि हात मांडीवर परत आला.

अपेक्षाने टर्मिनल उघडलं. ही काळी खिडकी, जिथे चित्रं नसतात, नुसत्या ओळी असतात. तिथून तिने आबांचा लिहायचा प्रोग्राम सुरू केला. प्रोग्राम उघडला, पण त्याच्या मागे इशाऱ्यांचा लोंढा आला. वॉर्निंग, वॉर्निंग, वॉर्निंग. प्रत्येकीला फाईलचं नाव, ओळीचा क्रमांक, अक्षराचा क्रमांक. तिने मोजल्या, बेचाळीस होत्या.

आधी ती घाबरली. मग एका कोऱ्या वहीत एकेक ओळ उतरवायला लागली. मुलांना ती हेच सांगायची, की मशीन ओरडतं तेव्हा आधी ते काय म्हणतंय ते वाचा. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की बेचाळीसमधले बहुतेक इशारे नुसते कुरकुरणारे होते. ही पद्धत जुनी झाली, आता वापरू नये. हा शब्द पुढच्या आवृत्तीत चालणार नाही. लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. त्यांनी कितीही नापसंती दाखवली तरी लग्न लागतंच. एका इशाऱ्यात मात्र दम होता. थीमचं इंजिन सापडत नाही, असं तो म्हणत होता. हळद ज्या जुन्या इंजिनावर उभी होती ते नव्या आवृत्तीने काढून टाकलं होतं.

तिने ते इंजिन शोधलं, पुन्हा बसवलं. प्रोग्राम बंद करून उघडला. बटणांना कडा आल्या, कोपरे गोल झाले. रंग मात्र पांढराच.

रंगूबाई न्याहारी घेऊन आल्या. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ.

"काय मोडलं गो?" त्यांनी विचारलं.

"रंग गेलेत आत्या. शोधतेय."

"रंग जातात कुठं," रंगूबाई म्हणाल्या आणि भावाकडे बघत राहिल्या. आबा अजून त्या पांढऱ्या पडद्यासमोरच होते. रंगूबाईंनी अपेक्षाला डोळ्यानेच मागीलदारी बोलावलं.

तिथे त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला सांगू का नको, मला कळत नाय. रामजी हल्ली अंगणातून जाताना मधेच वळसा घालतो. काय नसतं तिथं. परवा मी बघितलं, कणगीजवळ उभा होता नि बाजूला सरला. कुणाला तरी वाट दिली त्याने. मला वाटतं बाहेरचं हाय काहीतरी. मी बोलले त्याला, पलीकडच्या वाडीतल्या भगताला दाखवू. तर माझ्यावर असा बोलला, जन्मात बोलला नव्हता."

अपेक्षाला सकाळचा तो हात आठवला.

आत येऊन तिने उरलेले इशारे पुन्हा वाचले. अगदी वर, लोंढ्याच्या सुरुवातीलाच, एक ओळ होती. मघाशी वहीत उतरवताना तिने तीही कुरकुरच समजली होती. थीमच्या तिसऱ्याच ओळीवर रंगांची फाईल मागवली आहे, पण अशी फाईल किंवा असं फोल्डर नाही. तिने ते ठिकाण शोधलं. सुशांतने बाकी सगळी थीम आबांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, पण रंगांची फाईल ठेवली होती सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, तिथल्या एका तयार थीमच्या पोटात. नव्या आवृत्तीने ती तयार थीम मोडीत काढली, आणि तिच्याबरोबर हळदीचे रंगही गेले. यंत्राला रंग मिळेना, म्हणून त्याने आपल्याकडचा नेहमीचा पांढरा लावला.

तिने सुशांतला निरोप पाठवला. रंगांचे आकडे आठवतात का, किंवा कुठे कॉपी आहे का. निरोपावर एकच बारीक खूण उमटली. जहाज कुठल्या समुद्रात होतं कोणास ठाऊक.

मधल्या वेळात तिने सिस्टिममधली तयार गडद थीम लावून बघितली. आबा म्हणाले, विस्तवावर राख बसलीय. दुसरी लावली, काळ्यावर लख्ख पांढरी अक्षरं असलेली. आबांनी डोळे मिटले. "अक्षरं फुटतात ही. चुरमुऱ्यांसारखी."

"मग आपणच रंग शोधू आबा. मी एकेक आकडा घालते, तुम्ही सांगा."

जेवणं झाल्यावर दोघं बसली. धुकं केव्हाच विरलं होतं आणि खिडकीतून ऊन येऊन आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं होतं. अपेक्षा आकडा बदलायची, फाईल साठवायची, खिडकी बंद करून पुन्हा उघडायची. दर वेळी नवा रंग येण्याआधी पडदा चार-पाच सेकंद पांढरा व्हायचा. त्या सेकंदांत आबा पुढे झुकायचे. पाचव्या की सहाव्या वेळेला ती रंग सोडून त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती. ते कोणाच्या तरी चालण्याचा वेग नजरेने धरत होते.

तिने पडदा पांढराच राहू दिला.

"आबा, आता काय दिसतंय?"

"काही नाही. अक्षरं नाहीत."

"अक्षरं नाहीतच. मी घातली नाहीत. पण तुम्ही बघताय."

ओटीवर रंगूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"माणसं," आबा म्हणाले. "बोटाएवढी आहेत. रांगेने चालली आहेत, डोक्यावर भाताच्या पेंढ्या घेऊन. बायकांची लुगडी हिरवी आहेत, काठ सुद्धा दिसतोय मला. तुझा चेहरा दिसत नाही मला अपेक्षा, पण त्यांच्या लुगड्याचा काठ दिसतो."

अपेक्षाने पडद्याकडे बघितलं. करडा पांढरा, रिकामा.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आधी जाळी दिसायची, नुसती नक्षी, भिंतीवर. मग फुलं. मग एकदा अंगणात पाणी भरलेलं दिसलं, आणि त्यात रोपं. माणसं मागच्या दिवाळीपासून. पांढरं काही समोर असलं की येतात. भिंत असो, धुकं असो, चादर असो. सुशांतने ती हळद लावून दिली तेव्हा त्याला मी एवढंच म्हटलं, हे बरं आहे. का बरं आहे, ते नाही सांगितलं. त्या गडदात ती येत नाहीत. नुसती अक्षरं असतात."

"बोलतात का ती?"

"नाही."

"तुमच्याकडे बघतात?"

"कोणीच बघत नाही. आपल्या कामात असतात." ते थांबले. "मी छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, भूत नसतं. अमावास्येला वर्ग घेऊन नदीकाठच्या मसणवटीत जायचो मी, दुपारचा, दाखवायला, की बघा, काही नाही. आणि आता मलाच रोज दिसतं. हे कुणाला सांगायचं? अक्काला सांगितलं तर ती भगत आणेल. तुला सांगितलं तर तू सुशांतला कळवशील, आणि तो तिकडे इंजिनाच्या तोंडाशी उभा राहून काळजी करत बसेल. डोकं गेलं म्हणाल तुम्ही."

"मी नाही म्हटलं तसं."

"अजून नाही म्हटलंस."

ती उठून त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आबांशी ती कधी एवढ्या जवळ बसली नव्हती. "शेतांची नावं तुम्ही मला तोंडपाठ सांगता," ती म्हणाली. "कोणता बांध कोणाच्या बांधाला लागून आहे, तेही. डोकं गेलेल्या माणसाला हे जमेल? मला नाही पटत. मंगळवारी मी रजा टाकते, आपण महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. मला सांगितलंत ते त्यांना सांगायचं, सगळं."

आबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. पण मंगळवारी सकाळी ते धुतलेला सदरा घालून ओटीवर तयार बसले होते.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी डोळे तपासले आणि म्हणाले, डोळ्यांच्या पडद्याची झीज आहे तशीच आहे, फार वाढलेली नाही. मग अपेक्षाने आबांकडे बघितलं. आबांनी घसा साफ केला आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर अहवाल वाचावा तसं सगळं सांगितलं. जाळी, फुलं, पाणी, माणसं, लुगडी.

डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, ती खरी नाहीत हे तुम्हाला कळतं ना?"

"कळतं. म्हणून तर लाज वाटते."

"लाज वाटायचं कारण नाही. दर महिन्याला माझ्याकडे एक-दोन जण येतात असे, आणि सगळे शेवटी, दाराशी गेल्यावर सांगतात. तुमच्या डोळ्यांकडून मेंदूला चित्र कमी जातंय. मेंदूला रिकामं बसवत नाही. जिथे चित्र येत नाही तिथे तो आपल्या साठ्यातलं काहीतरी लावतो. वेड नाही हे, आणि बाहेरचं तर नाहीच."

आबांनी मान तिरकी केली. "याला काही नाव आहे?"

"आहे. एका परदेशी विद्वानाच्या नावाने ओळखतात. अडीचशे वर्षांपूर्वी त्याच्या आजोबांना असं दिसायचं. म्हाताऱ्याची नजर गेलेली, डोकं शाबूत. नातवाने विश्वास ठेवला आणि आजोबा जे सांगतील ते लिहून काढलं."

"लिहून काढलं," आबा म्हणाले.

"काही जणांची आपोआप कमी होतात. त्रास झाला तर उजेड वाढवा, नजर इकडेतिकडे फिरवा, जातात. पण आणखी काही वेगळं वाटलं, आवाज ऐकू आले, गोंधळ झाला, तर लगेच या. तुम्हाला भीती वाटते का त्यांची?"

आबांनी विचार केला. "आता नाही," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. महाड सुटलं, नदी डावीकडे आली, आणि आबा बोलायला लागले. दोन वर्षांचं साठलेलं होतं. रस्त्याच्या कडेला डोंगर कापून उभी केलेली सिमेंटची भिंत होती, लांबच लांब, पांढरट. त्या भिंतीवरून शेतं जातात म्हणाले. एकाखाली एक, पायऱ्यांची शेतं, भात पोटरीला आलेलं. वारा आला की आधी वरचं हलतं, मग खालचं. एका बांधावर कोणीतरी टोपली उपडी घालून बसलंय. आता पाणी लागलं. आता लाजाळूसारखी काही झाडं, पण एवढी मोठी झाडं त्यांनी कधी बघितलेली नाहीत, आणि त्यांना जांभळे दिवे लागले आहेत.

पुढच्या बाकावरच्या एका बाईने मागे वळून बघितलं. अपेक्षाने तिच्याकडे बघून मान डोलावली, जणू सासरे आपल्याला घाटातली गावंच दाखवताहेत. ती स्वतःही खिडकीबाहेर बघत होती. तिला सिमेंट दिसत होतं, मधे लोखंडी जाळ्या, आणि तरीही एसटीच्या हेलकाव्यात, त्या आवाजाबरोबर, वरचं शेत हलल्याचं आणि मग खालचं हलल्याचं तिला जाणवत राहिलं.

"ही कोणती शेतं आबा? ओळखीची आहेत का?"

"नाहीत. तीच तर गंमत आहे. एकाचंही नाव मला माहीत नाही."

पोलादपूरला उतरेपर्यंत तिच्या फोनवर सुशांतचा निरोप आला होता. जहाज बंदराला लागलं होतं. आकडे आठवत नाहीत, त्याने लिहिलं होतं. फाईल तिथे ठेवली ही माझीच चूक, तेव्हा घाईत होतो. पण ते रंग मी ठरवलेच नव्हते. आबांना विचारत विचारत केलं होतं, दोन दिवस लागले होते. तू पण तसंच कर. आणि आबा कसे आहेत?

अपेक्षाने आबांना निरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "काय लिहू?"

"लिही, सगळं फोनवर कळेल म्हणावं. आणि मीच सांगेन म्हणावं."

घरी आल्यावर रंगूबाईंना समजावायला वेळ लागला. आबांनी पाटावर बसून, शाळेतल्यासारखं, सावकाश सांगितलं. रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ती तुझ्याच डोक्यातली हायत," त्या म्हणाल्या.

"हो अक्का."

"नि डॉक्टरला म्हायती हाय."

"त्यांच्याकडे आणखी येतात माझ्यासारखे."

"मग भगताचं राहू दे," रंगूबाई म्हणाल्या. पण त्यांची खात्री पटली होती असं काही वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी दोनदा अंगण झाडलं.

बुधवारी अपेक्षाची शाळा सकाळची होती. दुपारी ती आणि आबा पुन्हा टेबलाशी बसले. आता काम वेगळंच झालं होतं, कारण आता आबा लपवत नव्हते. ती रंग घाली आणि विचारी, अक्षरं दिसतात का, माणसं येतात का. निळसर काळा घातला तर ते म्हणाले, माणसं नाहीत, पण कडेला जाळी आहे. तपकिरी घातला तर, नको, चिखल आहे. मग तिने काळ्यात अगदी थोडा हिरवा मिसळला, डोहाच्या पाण्यासारखा, आणि आबा म्हणाले, थांब, हा राहू दे. इथे कोणी येत नाही.

अक्षरांना जास्त वेळ लागला. पहिला पिवळा त्यांना लिंबासारखा बोचत होता. दुसरा सुकलेल्या पेंढ्याचा, तो मागच्या रंगात बुडत होता. आबांना रंगाचे आकडे कळत नव्हते आणि अपेक्षाला पेंढ्याचे प्रकार कळत नव्हते, त्यामुळे दोघं मधे कुठेतरी भेटत. "नव्या पेंढ्याचा की जुन्या?" ती विचारी. "खळ्यावरच्या," ते म्हणत. ती दोन घरं पुढे जाई, एक मागे येई. उन्हं उतरायच्या सुमाराला एका आकड्यावर आबा एकदम वाचायलाच लागले. "म्हातारीचा दंड. नदीच्या वळणावर, उताराला. पाणी वरच्या झऱ्याचं. कोळपी भात." ते ओळीच्या शेवटी अडखळले नाहीत.

तिने तो आकडा वहीत लिहिला. रंगांची फाईल या वेळी आबांच्याच फोल्डरमध्ये ठेवली, एक कॉपी पेन ड्राइव्हवर घातली, एक सुशांतला पाठवली. मग टर्मिनलमधून प्रोग्राम पुन्हा सुरू करून बघितला. बेचाळीसपैकी चार इशारे उरले होते. ही पद्धत जुनी झाली, हा शब्द पुढे चालणार नाही. तिने ते वाचले. ते काढायचे तर आणखी एक दुपार लागली असती, आणि त्यांच्यामुळे काही अडत नव्हतं. तिने खिडकी मिटली.

"झालं आबा. आता उद्यापासून लिहा."

आबा उठले नाहीत. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"अपेक्षा, एक विचारू? त्या आधीच्या पांढऱ्याचं काय केलंस?"

"काढून टाकला. का?"

"तो ठेवता येईल का एखाद्या कोपऱ्यात? म्हणजे कामाच्या वेळी हळद. आणि काम झालं की थोडा वेळ ते. नुसता कोरा कागद, काही न लिहिलेला." ते जरा ओशाळले होते. "डॉक्टर म्हणाले, काही जणांची आपोआप कमी होतात. जाणारच असतील तर जाण्याआधी नीट बघून घ्यावीत असं वाटतं. आतापर्यंत मी नजर फिरवून त्यांना घालवतच आलो."

तिने त्यांच्यासाठी एक बटण केलं. ते दाबलं की सगळा पडदा पांढरा, ना चौकट ना अक्षर. पुन्हा दाबलं की हळद. बटण मोठं होतं आणि त्यावर काय लिहायचं ते तिला सुचेना, म्हणून तिने ते नुसतंच ठेवलं.

सुशांतचा फोन गुरुवारी संध्याकाळी आला. आबा पडवीत उभे राहून अर्धा तास त्याच्याशी बोलले. अपेक्षा आत भाकऱ्या थापत होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आबांचा आवाज येत होता. मधे ते हसले. घरात आल्यावर म्हणाले, "तो म्हणतो, ते सगळं पण लिहा. एक फाईल शेतांची आणि एक यांची."

"मग?"

"मग बघू. यांची नावं नाहीत, काय लिहिणार? पण तो नातू जर आजोबांचं लिहू शकला, तर..."

शुक्रवारी अपेक्षा शाळेला निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. आबांचं लिहून झालं होतं आणि पडदा पांढरा होता. रंगूबाई हात पुसत आल्या आणि भावाच्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, बारीक डोळे करून, अगदी मन लावून.

"मला तर काय नाय दिसत," त्या म्हणाल्या.

"तुझे डोळे चांगले आहेत अक्का, म्हणून."

"मग तू सांग की."

आबांनी मान तिरकी केली आणि सांगायला लागले. एक बैलगाडी येते आहे, तिला बैल नाहीत. मागे पाच-सहा पोरी, हातात कसल्या तरी फांद्या. एक पोरगी मागे राहिली आहे, बहुतेक पायात काहीतरी रुतलंय.

"थांबल्या का तिच्यासाठी?" रंगूबाईंनी विचारलं.

"थांबतायत," आबा म्हणाले.

अपेक्षाने चपला घातल्या. एसटीला अजून दहा मिनिटं होती. ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली, त्या पोरीचं काय होतं ते ऐकायला.